शाळेतील फुलपाखरांची बाग : रोपांच्या यादीआधी वर्षाचा हिशेब

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेतून एका शिक्षिकेने हा प्रश्न विचारला आहे. शाळा पहिली ते सातवीची, पट १४० चा. इमारतीच्या मागे ६० फूट लांब आणि २५ फूट रुंद अशी मुरमाड मोकळी जागा आहे आणि माजी विद्यार्थ्यांनी जमवलेले ११,००० रुपये हाताशी आहेत. तिथे फुलपाखरे आणि मधमाश्या येतील अशी देशी झाडांची बाग करायची आहे. रोपवाटिकेने लँटाना, पेंटास, इक्झोरा आणि संकरित झेंडू अशी यादी दिली आहे. ही यादी चालेल का, नसेल तर काय लावावे आणि मधमाश्यांना घाबरणाऱ्या पालकांना काय सांगावे, असे तीन प्रश्न आहेत.

बाई, मी गेली १८ वर्षे पुणे, सातारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील शाळांबरोबर हेच काम करते आहे. आपला प्रश्न वरवर पाहता झाडांच्या यादीचा आहे; परंतु यादी चुकली म्हणून बाग गेली, असे मी फार कमी ठिकाणी पाहिले. बागा गेल्या त्या बहुतेक दोन कारणांनी. एक तर लावताना जूनचा विचार झाला आणि मेचा झाला नाही; किंवा बाग ‘स्वच्छ’ दिसली पाहिजे या आग्रहापोटी तिथे राहायला आलेले जीवच झाडून टाकले गेले. म्हणून खरा प्रश्न मी असा मांडेन : या जागेत बाराही महिने काही ना काही फुललेले असेल, पाने खाऊ देता येतील, थोडी जमीन उघडी राहील आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सारे जिवंत राहील, अशी व्यवस्था या शाळेला झेपेल का? झेपेल, असे माझे उत्तर आहे. मात्र त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. ‘देशी’ या शब्दाने भारतातले कोणतेही झाड असा अर्थ घेतला, तर फसगत होते. सीताअशोक देशीच आहे, परंतु त्याला सावली आणि ओलावा लागतो. आपल्या मुरमात त्याचे हाल होतील. कारवी सह्याद्रीची आहे, सात वर्षांनी फुलते, आणि तिने डोंगरउतारावरच राहावे. कासच्या पठारासारख्या ठिकाणची रानफुले तर उपटून आणण्याचा विचारही करू नये. ती तिथल्या पातळ मातीची आणि पाण्याची असतात, शाळेत आणली की एका पावसातच संपतात. आपली शाळा कोकणात असती, तर मी जांभ्या जमिनीची वेगळी झाडे सुचवली असती, विदर्भात असती तर आणखी वेगळी. आपल्यासाठी ‘देशी’ म्हणजे शाळेच्या पाच-सात किलोमीटरच्या परिसरातील माळावर, ओढ्याकाठी आणि बांधावर कुणीही पाणी न घालता जे वाढते ते. तरवड, रुई, बोर, निर्गुडी, टाकळा, खुळखुळा, कोरांटी ही झाडे आपण रोज पाहता, आणि पाहता म्हणूनच ती रोपवाटिकेच्या यादीत नसतात.

आता त्या यादीविषयी. पेंटास आफ्रिकेचा आणि लँटाना, म्हणजे आपली घाणेरी, अमेरिकेची. दोन्हींवर फुलपाखरे झुंबड करतात, हे खरे आहे, आणि म्हणूनच त्या यादीचा मोह होतो. परंतु मध पिण्यासाठी फुलपाखरू जवळपास कोणत्याही फुलावर जाते. अंडी मात्र ते ठरावीक झाडांवरच घालते, कारण त्यातून निघालेली अळी बहुधा तीच पाने खाऊ शकते. अशा झाडाला आम्ही खाद्यवनस्पती म्हणतो. नुसती मधाची झाडे लावलेल्या बागेत फुलपाखरे पाहुण्यासारखी येतात आणि जातात. खाद्यवनस्पती असलेल्या बागेत ती जन्माला येतात. शाळेसाठी हा फरक मोठा आहे, कारण मुलांना अंडे, अळी, कोष आणि पंख सुकवत बसलेले ताजे फुलपाखरू हे सगळे एकाच झाडावर पाहायला मिळते.

घाणेरी लावूच नका. ती रानात पसरते आणि तिच्याखाली दुसरे काही उगवू देत नाही. इक्झोऱ्याची एक जात दक्षिण भारतातलीच आहे, दोन-तीन झाडे लावायला हरकत नाही, पण त्याला पाणी लागेल. झेंडूही मूळचा मेक्सिकोचा, तरी तो आपल्या दसऱ्याचा झाला आहे. लावायचाच असेल तर गावठी, एकेरी पाकळ्यांचा लावा. भरगच्च संकरित फुलात पाकळ्याच इतक्या असतात की मधमाशीला आत जायला वाट सापडत नाही. एकदांडीचे तण अमेरिकेतूनच आले आहे, परंतु ते आपोआप उगवते, जमिनीलगत राहते आणि कोरड्या महिन्यांत लहान फुलपाखरांना तेवढाच आधार असतो. मी ते लावत नाही आणि उपटतही नाही. देशीपणाविषयी माझा आग्रह पक्का आहे, पण तो बागेतल्या जिवांसाठी आहे, नावापुरता नाही.

खाद्यवनस्पतींमध्ये सर्वांत आधी रुई घ्या. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात, तीच रुई. हिच्या पानावर प्लेन टायगर नावाचे केशरी फुलपाखरू एकेक अंडे घालते. अळीच्या अंगावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असतात आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. कोष फिकट हिरवा असून त्यावर सोनेरी ठिपके असतात. उबदार दिवसांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सापडलेले अंडे ऑगस्ट उजाडताना उडालेले असते. रुईतील विषारी द्रव्ये अळीच्या अंगात साठतात, म्हणून पक्षी या फुलपाखराला टाळतात. त्याचा फायदा घेणारे दुसरे एक फुलपाखरू आहे, डॅनाइड एगफ्लाय. याचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी केशरी. स्वतः विषारी नसताना त्या रूपाने ती वाचते. तिच्या अळ्या कशावर वाढतात, तर घोळीच्या भाजीवर, जी पावसाळ्यात आपल्या शाळेच्या भिंतीकडेला उगवलेली असते आणि श्रमदानात उपटली जाते. पाचवीच्या मुलांना हे एकदा प्रत्यक्ष दाखवले की ‘तण’ हा शब्द ती विचार करून वापरू लागतात, हा माझा अनेक शाळांतला अनुभव आहे.

दुसरी जोडी कढीपत्ता आणि लिंबू. यांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही दोन मोठी फुलपाखरे वाढतात. लहानपणी यांची अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते, आणि काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून एक नारिंगी दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. मात्र ते सह्याद्रीच्या बाजूच्या दमट भागात अधिक दिसते. आपल्याकडे ते येईलच असे मुलांना सांगू नका. बेल लावल्यास त्यावरही ही मंडळी येतात, पाणीही कमी लागते.

तिसरा गट पिवळ्या फुलांचा. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट वाढते, आणि टाकळ्यावर ग्रास यलो ही लहान पिवळी फुलपाखरे. टाकळा लावावा लागत नाही. पहिल्या पावसानंतर तो जिथे उगवेल त्या जागेपैकी दहा बाय दहा फुटांचा तुकडा न कापता ठेवा, एवढेच पुरे. बोरीवर कॉमन पिएरो हे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे नाजूक फुलपाखरू वाढते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिला जो बारीक हिरवट मोहोर येतो, त्यावर मधमाश्या, गांधीलमाश्या आणि फुलांवर येणाऱ्या माश्या इतक्या येतात की झाड गुणगुणत असते. वडा-पिंपळावरही कॉमन क्रो वाढते, परंतु ६० बाय २५ फुटांत वड-पिंपळ नको. गावात ते कुठे ना कुठे असतातच.

पाने खाल्ली गेली, त्यांना भोके पडली, एखादी फांदी पार ओकीबोकी झाली, तर बाग यशस्वी झाली असे समजावे. रुई, कढीपत्ता, बहावा पुन्हा फुटतात. कढीपत्ता मात्र एक लावू नका, पाच लावा, म्हणजे पोषण आहाराच्या फोडणीलाही पाने मिळतील आणि अळ्यांनाही.

फुलपाखरांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण परागीभवनाचे अधिक काम मधमाश्या आणि भुंगे करतात. आपल्याकडे मोठे उघडे पोळे करणारी आग्यामाशी, पोकळीत राहणारी सातेरी, झुडपाच्या फांदीवर हाताच्या पंजाएवढे एकच पोळे बांधणारी फुलोरी आणि नांगी नसलेली बारीक पोयाची माशी असतात. याखेरीज एकट्याने राहणाऱ्या माश्यांच्या कितीतरी जाती आहेत, ज्यांना पोळे नसते आणि राणीही नसते. रुईच्या फुलावर येणारा मोठा काळा-निळा भुंगा त्यातलाच. तो वाळक्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून घर करतो. रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांच्या गड्ड्या असतात; त्या भुंग्याच्या पायांत अडकून दुसऱ्या फुलावर जातात. तरवडाचे फूलही असेच पाहण्यासारखे आहे. त्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असते आणि भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो तेव्हाच पराग बाहेर उडतात. वांग्याच्या फुलाचीही रचना तशीच आहे. मधमाशीला हे थरथरवणे जमत नाही. भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एका देशी एकटमाशीला जमते. म्हणून शाळेच्या परसबागेत वांगी आणि टोमॅटो असतील, तर शेजारी तरवड असावा. त्याच्या पिवळ्या फुलांची माळ अनेक गावांत नवरात्रात घटाला घालतात. दसऱ्याच्या सुमारास तो भरभरून फुललेला असतो आणि त्याला पाणी मागण्याची सवय नाही.

परसबाग वेगळी आणि फुलपाखरांची बाग वेगळी असे करू नका. कुंपणावर दोडका, दुधी, घोसाळे आणि लाल भोपळा चढवला, तर मुलांना एक सुंदर गोष्ट दिसते : लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते, घोसाळ्याचेही सकाळचे, दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते आणि दुधीचे पांढरे फूल तिन्हीसांजेला, कारण त्याच्याकडे पतंग येतात. कोणत्या फुलाकडे कोण येते हे मुलांनी घड्याळ घेऊन टिपावे. कोथिंबिरीचा एक वाफा न काढता फुलू द्यावा. फुलोरी त्यावर हमखास येते.

आता वर्षाचा हिशेब. पावसाळ्यात आपल्याकडे फुलांची चणचण नसते. टाकळा, खुळखुळा, तेरडा, तुळस आणि शेकडो रानफुले असतात. खुळखुळ्याच्या वाळत्या झाडावर प्लेन टायगरच्या गटातल्या फुलपाखरांचे नर गर्दी करतात, कारण माद्यांना आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी त्यांना त्यातील द्रव्ये लागतात. म्हणून वाळलेला खुळखुळाही काढू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर तरवड, बोर आणि कोरांटी सांभाळतात. डिसेंबरपासून अडुळसा आणि शेवगा फुलतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा. यांपैकी एकच झाड कुंपणाच्या कोपऱ्यात बसेल. मग येतात एप्रिल-मे, आणि इथेच लावलेल्या बागा रिकाम्या पडतात. तेव्हा बहावा, करंज, कडुनिंब आणि निर्गुडी फुलतात, रुई तर जवळजवळ वर्षभर फुललेली असते. कडुनिंब आणि करंज गावात असतीलच. ते लावण्यात जागा घालवू नका, ते कुठे आहेत हे मुलांकडून नकाशावर लिहून घ्या. बहावा मात्र एक लावाच. गुलमोहर लावण्याचा आग्रह कुणी धरला, तर तो मादागास्करचा आहे आणि आपल्या फुलपाखरांना त्याचा विशेष उपयोग नाही, हे नम्रपणे सांगून त्याच जागी बहावा सुचवा. मेमध्ये तोही डोळे दिपवतो. संध्याकाळसाठी पारिजातक एक असावा, सकाळी परिपाठाला येणाऱ्या मुलांना खाली सडा दिसतो.

जागेची मांडणी करताना उंच झाडे उत्तरेच्या कडेला घ्या, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली झुडपांवर पडणार नाही. फुलपाखरांना ऊन लागते, सावलीतल्या बागेत ती थांबत नाहीत. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला अडुळसा आणि निर्गुडी दाट लावा. ही दोन्ही झाडे पावसाळ्यात नुसत्या फांद्या खोचून येतात, आणि शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. मधल्या भागात कढीपत्ता, तरवड, कोरांटी, तुळस. रुई दूरच्या कडेला. चार-सहा फूट जागा पूर्ण उघडी, उन्हातली आणि कोरडी ठेवा, तिथे पाणी घालू नका व खत पसरू नका, कारण एकट्या राहणाऱ्या बऱ्याच माश्या जमिनीत घर करतात. शक्य असेल तर चिखलमातीची तीन फूट उंचीची एक लहान भिंत बांधा. मुलांना ते काम फार आवडते आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या अशा भिंतींत वस्ती करतात. वाळलेल्या बारीक बांबूचे, एका बाजूला पेराने बंद असलेले, वीतभर लांबीचे तुकडे जुडी करून पूर्वेकडे तोंड येईल असे टांगा. काही आठवड्यांनी त्यांची तोंडे मातीने किंवा पानांच्या गोल तुकड्यांनी बंद झालेली दिसली, की आत कुणाची तरी पिल्ले आहेत असे समजावे. एका उथळ थाळीत ओली वाळू ठेवून तिच्यावर थोडे गोमूत्र किंवा चिमूटभर मीठ टाकले, तर नर फुलपाखरे क्षार शोषायला तिथे बसतात.

पैशांविषयी माझा सल्ला आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल : ११,००० रुपयांपैकी झाडांवर २,००० सुद्धा खर्च करू नका. निम्म्याहून अधिक रक्कम कुंपणाला द्या. कुंपणात जिथे एक शेळी शिरते तिथून दहा शिरतात, आणि दोन वर्षांचे काम एका दुपारी संपते. उरलेल्यातून पाण्याची एक टाकी, नळी आणि मातीची मडकी घ्या. बहाव्याच्या शेंगा मुलांनी गोळा कराव्यात. बी कडक असते, दगडावर घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरले तर चांगले उगवते. कढीपत्त्याचे बी ताजे असतानाच पेरावे. पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी रोवली तरी येते. घरी केलेल्या रोपांचा आणखी एक फायदा आहे. रोपवाटिकेतल्या काही रोपांवर अशी कीटकनाशके मारलेली असतात जी झाडाच्या रसात उतरून पानांत आणि मधात राहतात. आपण अळ्यांना बोलावतो आणि तेच पान त्यांना मारते. विकत घ्यावीच लागली, तर हे स्पष्टपणे विचारून घ्या.

फवारणी कोणतीही नको, निंबोळी अर्कही नको. तो ‘सेंद्रिय’ आहे म्हणून शाळांत सर्रास मारला जातो, पण त्याचे काम अळीचे खाणे आणि वाढ थांबवणे हेच आहे. आपल्या अळ्या आणि किडीच्या अळ्या असा भेद तो करत नाही. परसबागेत मावा आला तर पाण्याच्या धारेने धुवा.

स्वच्छतेविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण मी स्वतः यात हरले आहे. एका शाळेत आम्ही तीन वर्षे राबून चांगली बाग उभी केली होती. चौथ्या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी गवत कापण्याचे यंत्र आणून सगळी जागा सपाट केली गेली आणि पालापाचोळा, वाळक्या काड्या यांसह ढीग करून पेटवण्यात आला. त्या काड्यांवर कोष होते. मुलांनी आदल्या आठवड्यात ते मोजून वहीत लिहिले होते. कुणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. ज्यांनी हे केले त्यांना ती जागा अस्वच्छ वाटली, आणि ती तशी का आहे हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, शिपाई आणि आहार शिजवणाऱ्या ताई यांना एकत्र बसवून बागेची कल्पना देते, आणि बागेच्या कडेला विटांची सरळ ओळ, झाडलेली पाऊलवाट आणि मुलांच्या हातची पाटी लावते. कड नीट असली की आतला रानटीपणा मुद्दाम ठेवला आहे हे पाहणाऱ्याला कळते. पाने जाळायची नाहीत, झाडांच्या बुडाशी पसरायची. उन्हाळ्यात तेच आच्छादन ओलावा धरते.

पालकांच्या भीतीला हसू नका, तिला आधार आहे. फुलावर बसलेली मधमाशी सहसा चावत नाही, तिला डिवचले किंवा पकडले तरच चावते. धोका असतो तो पोळ्याला. बाग केल्याने आग्या मोहोळ इमारतीला लागेलच असे नाही, पण लागले तर दगड मारणे, धूर करणे किंवा पेटवणे हे काहीही करू नये. त्या बाजूची ये-जा बंद करून जाणकार मधपाळाला बोलवावे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथून माहिती घेता येते. माशी चावलीच तर काटा लगेच खरडून काढावा आणि थंड पाणी लावावे. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. कोणत्या मुलाला पूर्वी असा त्रास झाला आहे, हे पालकसभेतच विचारून नोंदवून ठेवा. फुलोरीचे लहान पोळे मात्र झुडपात दिसले तर राहू द्या. चार हात लांबून पाहण्याची शिस्त मुले लवकर शिकतात.

माझ्या मते खरी काळजी झाडांची घ्यायला हवी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून रुई पाऊलवाटेपासून दूर असावी, तिची पाने तोडायची नाहीत, आणि हाताळल्यास साबणाने हात धुवायचे, हा नियम मी पहिलीपासून पाठ करून घेते. चीक गेलाच तर डोळा भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे न्यावे. कण्हेरीवर कॉमन क्रोच्या अळ्या वाढतात, तरीही प्राथमिक शाळेत कण्हेर नको, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. पिवळी बिट्टी तर अजिबात नको, तिच्या बिया मुले खेळायला घेतात. गुंज, धोतरा आणि कळलावी हीसुद्धा विषारी आहेत, शाळेच्या बाहेरच बरी.

राहिला मे महिना. शाळा चालू असताना जेवणानंतर १४० मुले हात धुतात. त्या पाण्याचा पाट बागेत वळवला, तर हिवाळाभर वेगळे पाणी लागत नाही. सुट्टीत हे पाणी थांबते आणि नेमके तेव्हाच झाडांना ते हवे असते. पहिले दोन उन्हाळे सांभाळले की तरवड, रुई, बोर, निर्गुडी स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. टाकळा, तेरडा, खुळखुळा बी टाकून तोवर संपलेले असतात, त्यांची चिंता नाही. म्हणजे पाणी लागते ते बहावा, लिंबू, कढीपत्ता, पारिजातक आणि अडुळसा अशा पंधरा-वीस झाडांनाच. प्रत्येकाच्या बुडाशी एक मडके गळ्यापर्यंत पुरून ते आठवड्यातून दोनदा भरले की भागते. हे काम एका शिपायावर किंवा एका उत्साही शिक्षकावर टाकू नका. शाळेजवळ राहणाऱ्या आठ घरांना प्रत्येकी एकेक आठवडा वाटून द्या आणि ती यादी मार्चमध्येच फळ्यावर लावा. मी जिथे हे केले तिथल्या बागा टिकल्या. जिथे ‘कुणीतरी घालेल’ म्हणून सोडले, तिथे जूनमध्ये खड्ड्यांत काड्या सापडल्या.

म्हणून क्रम असा ठेवावा : उन्हाळ्यात कुंपण आणि दीड-दोन फुटांचे खड्डे, त्यात गाळाची माती आणि थोडे शेणखत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, साधारण जुलैमध्ये, लागवड, पहिल्या वर्षी फक्त कडेची झुडपे आणि पाच-सहा झाडे, बाकीची दुसऱ्या वर्षी. जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या मुहूर्तावर लावू नका, मग पाहुणे कोणीही येणार असोत.

यात आत्ता, एकही रुपया खर्च न करता करण्यासारखे एक काम आहे. मुलांचे चार गट करून त्यांना शाळेच्या कुंपणाकडेने, जवळच्या बांधावर आणि ओढ्याकाठी फिरवा. कोणती झाडे आधीच आहेत, कोणती आत्ता फुलली आहेत, कोणत्या पानांना भोके आहेत आणि फुलांवर कोण बसले आहे, हे त्यांना लिहू द्या. झाडांची नावे आजी-आजोबांना विचारून आणायला सांगा. आपल्या भागात एकाच झाडाची दोन-तीन नावे असतात, ती सगळी लिहा. ही वही भरली की मला त्यातली झाडे कळवा. त्यातले काय बागेत आणायचे, काय आहे तिथेच राखायचे आणि वर्षातला कोणता महिना अजून रिकामा आहे, हे मग आपल्याला एकत्र बसून ठरवता येईल.